निळ्या फुलांचं वावर

"पाहुणे आले का सरळ डोमाजीच्या वावरात न्यायचे," घनश्याममामा म्हणाले. "आपल्या वावराकडं कोणी मानसुद्धा वळवायची नाई. समजलं का गुणवंता?"

मला समजलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. आईच्या हातातला झारा कढईवर थांबला. बाबा ओसरीवर दाढी करत होते. त्यांनी आरशातून मामांकडं पाहिलं आणि काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा गालाला साबण लावायला घेतला.

"म्हणजे दुसऱ्याचं वावर आपलं म्हणून दाखवायचं?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं कसं? शेजाऱ्याचं! मधात एक धुराच तर आहे." मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे पाय बापा. शेती करणाऱ्या पोट्ट्याले आजकाल कोणी पोरगी देत नाई. दोन ठिकाणांहून नकार घेऊन बसला तू. हे लोक स्वतःहून येऊन रायले. अन् पोरीची अट काय? घर मागून पाहू, आधी वावर दाखवा. आता तुमचं ते रान दाखवलं, तर पाहुणे चहाले तरी थांबतील का?"

रान म्हणाले ते खोटं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी बाबांनी गावात सगळ्यात आधी कपाशीचं ते नवं बियाणं आणलं होतं. पिशवीवर ना नाव, ना गाव. सरकारची परवानगी नव्हती म्हणून लोक त्याला चोर बीटी म्हणायचे. त्याची करामत अशी की तणनाशक थेट पिकावर फवारलं तरी कपाशीची पऱ्हाटी तशीच उभी राहायची आणि भोवतालचं सगळं गवत पिवळं पडून मरायचं. पहिल्या साली लोक गाड्या थांबवून आमचं वावर पाहत. हातानं तण निंदायला बाया लागेनात, ओळींमधून डवरा हाणून माती उकरायला बैल लागेनात. बाबांनी बैलजोडी विकली. गावानं बाबांचं पाहून तेच केलं. निंदणाऱ्या बाया कुठवर वाट पाहतील? कोणी शिलाई मशीन घेतली, कोणी पुलगावला कामाला जाऊ लागली.

मग केना माजला. केना म्हणजे ते जाड पानांचं, निळ्या फुलांचं, जमिनीवर पसरत जाणारं तण. आमच्या वावरात तो आधीही होता, पण इतर गवतांच्या गर्दीत एका कोपऱ्यात. फवाऱ्यानं बाकीची गवतं मेली, हा मेला नाही. जरा कोमेजायचा, मान टाकायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उठून बसायचा. आता तर सारं वावर त्याला मोकळं मिळालं. बाबांनी औषध वाढवलं, मग फवारे वाढवले. हे पाहुणे येणार होते त्या साली पोळा तोंडावर आला तेव्हा आमच्या सहा एकरांत पऱ्हाटी गुडघ्याएवढीच राहिली होती आणि खाली जिकडं पाहावं तिकडं केना.

धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या पलीकडचे डोमाजी उरकुडे तेवढे बदलले नव्हते. साठीच्या पुढचा माणूस, पण स्वतः डवरा धरायचा. बायको आणि दोन सुना निंदायच्या. बाबा त्यांना गमतीनं 'जुनं मॉडेल' म्हणायचे, आणि डोमाजी हसून म्हणायचे, "जुनं आहे, पण चालू आहे." त्यांच्या वावरात तणाची काडी शोधावी लागे.

"डोमाजी तयार होतील का पण?" आईनं हळूच विचारलं.

तेवढ्यात डोमाजीच फाटकातून आत आले. नेहमीचं पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी नव्हती. भोकं पडलेली बनियन, गुडघ्यावर ठिगळ लावलेला पायजमा, डोक्याला मळका पंचा.

"कसा दिसतो?" त्यांनी गोल फिरून दाखवलं. "मी म्हटलं, आज मी तुमचा गडी. गड्यानं गड्यासारखं दिसलं पाहिजे."

"डोमाजी, तुम्ही कायले..." मी उठून उभा राहिलो.

"अरे बाबू, तुझं लगन जमत असन, तर मी एक दिवस गडी काय, बुजगावणं व्हायलेही तयार आहे!"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि तोंड धुवायला मागच्या अंगणात निघून गेले.

पाहुणे नवाच्या सुमाराला जीपनं आले. देवरावजी काकडे, त्यांची बायको सिंधूबाई आणि मुलगी प्रणाली. देवरावजींची तीन एकर शेती आणि शेळ्या होत्या. पण घरातलं खरं कर्तेपण सिंधूबाईंकडं दिसत होतं. त्यांच्या हाताखाली बायांची टोळी होती. आसपासच्या दहा गावांत निंदायला, कापूस वेचायला ती टोळी जायची. बारावी झाल्यापासून प्रणाली आईच्या बरोबरीनं त्या टोळीचं सगळं पाहायची.

मुलगी पाहायच्या कार्यक्रमात मुलगी खाली मान घालून बसते, हे मी ऐकून होतो. प्रणाली बसलीच नाही. पाणी प्यायली, पेला माझ्या आईच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "चला मंग. ऊन चढायच्या आत वावर पाहून येऊ."

उंच, सावळी, डाव्या भुवईवर लहानसा व्रण. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं, तेही माझ्या चेहऱ्याकडं नाही. पायांकडं पाहिलं. मी नवे बूट घातले होते.

वाटेत मामा सगळ्यांत पुढं होते. आमच्या वावराचा फाटा आला तेव्हा ते मोठमोठ्यानं बोलत हात उजवीकडं करू लागले. "तिकडं पाहा देवरावजी, तो डोंगर! काय सुंदर दिसून रायला!" डोंगर कसला, गिट्टीच्या खाणीचा ढिगारा होता तो. पण पाहुण्यांनी मुकाट्यानं तिकडं पाहिलं आणि आम्ही फाटा ओलांडून डोमाजींच्या वावरात शिरलो.

खरंच, काय वावर होतं ते! कमरेएवढी पऱ्हाटी, ओळीनं ओळ सरळ, मधात मुगाच्या शेंगा तोडून झालेल्या ओळी, कडेनं तुरीची रांग. ओल्या काळ्या मातीचा वास येत होता. डोमाजी मधोमध डवरा घेऊन उभे होते. आम्हाला पाहताच त्यांनी कमरेत वाकून रामराम केला, तोही इतका खाली की मामांना खोकला आला.

"हा आमचा गडी," मामा म्हणाले. "मेहनती आहे."

"मालकाची कृपा," डोमाजी म्हणाले आणि बाबांकडं पाहून पुन्हा वाकले. बाबा दुसरीकडं पाहत होते.

प्रणाली ओळीत शिरली. खाली बसून तिनं माती चिमटीत घेतली. मग मला विचारलं, "मूग कधी पेरला होता? कपाशीसोबतच का मागून?"

मला काय माहीत? मी म्हटलं, "सोबतच... म्हणजे थोडा मागून."

"सोबतच!" डोमाजींना राहवेना. "एकाच दिवशी. मुगानं जमीन झाकली का तणाले उजेडच भेटत नाई. मागून पेरला तर काय फायदा?" मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, मालक सांगत होते तसं."

"अन् निंदण किती झाले?" तिनं पुन्हा मलाच विचारलं.

मी मामांकडं पाहिलं. मामांनी पाठीमागून दोन बोटं दाखवली. डोमाजींनी डवऱ्याआडून तीन दाखवली. मी म्हटलं, "अडीच."

"अडीच?"

"म्हणजे तिसरं चालू आहे."

सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं उन्हामुळं. आता कळतं, त्या हसत होत्या. वीस वर्षं दुसऱ्यांची वावरं निंदलेल्या बाईला मालक कोण आणि गडी कोण हे कळायला असा किती वेळ लागणार?

पण देवरावजी भोळा माणूस. ते मनापासून खूश झाले होते. ओळीओळीतून फिरले, बोंडं मोजल्यासारखी पाहिली आणि परत येऊन त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"भाऊ, वावर पाहून डोळे निवले. लेकरावाणी जपलं तुम्ही. आजकाल कोणाले एवढी माया रायली मातीची? तुमची मेहनत बोलून रायली इथं."

बाबांनी नजर पायाखालच्या मातीकडं वळवली. मी मात्र डोमाजींकडं पाहत होतो. इतका वेळ ते गंमत म्हणून सगळं करत होते. डोळे कसे चमकत होते. देवरावजींचं ते बोलणं कानांवर पडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते वळले, बैलाच्या मानेवर हात फिरवू लागले. आयुष्यभरात त्यांच्या वावराचं असं कौतुक कोणी केलं नसेल. आणि आज केलं ते दुसऱ्याचा हात धरून.

मला ते पाहवलं नाही.

"काकाजी," मी म्हणालो, "हे वावर आमचं नाही."

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. पण नवे बूट जाड होते.

"हे डोमाजी उरकुडेंचं वावर आहे. हे गडी नाहीत, मालक आहेत. ही मेहनत यांची अन् यांच्या घरच्यांची. माझं लगन जमावं म्हणून त्यांनी फाटकी बनियन घातली."

देवरावजींनी हळूहळू बाबांचा हात सोडला. बाबांची मान खाली गेली. डोमाजी कासावीस होऊन म्हणाले, "बाबू, काऊन बोलला रे? जमत आलं होतं ना!"

प्रणाली उभी राहिली. तिनं हाताची माती झटकली.

"मंग तुमचं कोणतं?" तिनं मला विचारलं.

"धुऱ्यापलीकडं."

"चला."

मी धुरा ओलांडून पुढं झालो. मागं कोण येतंय, कोण नाही, मी पाहिलं नाही. आमच्या वावराच्या कडेला येऊन उभा राहिलो. वावर निळं झालं होतं. केन्याची फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. आम्ही पोचलो तेव्हा सगळी उघडी होती. नखाएवढी फुलं, पण लाखोंनी. माहीत नसलेल्या माणसाला वाटलं असतं, कोणी हौसेनं लावलं आहे.

"बाई गं!" सिंधूबाई म्हणाल्या. "किती हा केना!"

प्रणाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "असं कसं झालं?"

आणि मी बोलू लागलो. डोमाजींच्या वावरात माझ्या तोंडातून चार शब्द धड निघत नव्हते. इथं मला थांबवता येईना. कारण हे माझं होतं. सारा उन्हाळा-पावसाळा मी याच्याशी झुंजलो होतो. मी तिला सांगितलं, एकच औषध दरवर्षी मारल्यानं काय झालं. ज्याला ते औषध लागू पडत होतं ते गेलं, ज्याला पडत नव्हतं त्याला आम्हीच जागा करून दिली. सांगितलं की मी भाड्यानं बैल आणून डवरा हाणून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि केन्याचा प्रत्येक तुकडा जिथं पडला तिथंच रुजला. एकाचे दहा झाले.

"अन् हे पाहा," मी खाली बसलो. बूट चिखलात गेले. एक झाड मुळासकट अलगद उपटलं, माती झाडली आणि तिच्यापुढं धरलं. मुळांपाशी पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्या होत्या आणि त्यांना बारीक गाठी. "हा जमिनीच्या वर फुलतो तसा जमिनीखालीही फुलतो. हे त्याचं खालचं बी. म्हणून नुसतं वरून कापून, जाळून काही होत नाही. ओल असताना मुळासकट उपटायचा, धुऱ्यावर टाकायचा नाही, वावराबाहेर न्यायचा. एका साली नाही जाणार. दोन-तीन सालं लागतील. ते बियाणं बंद करावं लागेल, अन् एकच औषध मारणंही बंद."

"तुम्ही खोदून पाहिलं हे?" तिनं ते झाड माझ्या हातातून घेतलं.

"बरेच दिवस. रोज थोडं थोडं."

मागून बाबांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलं नव्हतं.

"हे तू मले काऊन नाई सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्ही आणलेलं बियाणं होतं बाबा. लोक तुम्हाला पाहायला यायचे."

बाबांनी वावरावरून एकदा नजर फिरवली. मग ते डोमाजींकडं वळले. डोमाजी बिचारे बनियनची भोकं हातानं झाकत मागंच उभे होते.

"डोमाजी," बाबा म्हणाले, "घरी जाऊन धोतर नेसून या. आज तुम्ही आमच्या घरी जेवाल. पाहुण्यांच्या पंक्तीले."

जेवणं झाली. गप्पा पाऊसपाण्याच्या झाल्या, लग्नाचा विषय कोणी काढला नाही. डोमाजी मात्र टोपी घालून पहिल्या पाटावर बसले होते आणि देवरावजी त्यांना मुगाबद्दल विचारत होते. जाताना देवरावजी बाबांना म्हणाले, "कळवतो भाऊ." प्रणालीनं ओसरीवर ठेवलेलं ते उपटलेलं झाड उचललं आणि सोबत घेतलं.

जीप दिसेनाशी झाल्यावर मामा ओसरीवर मटकन बसले. "'कळवतो' म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाले? 'कळवतो' म्हणजे नाई! हरिश्चंद्र जन्माले आला आमच्या बहिणीच्या पोटी!"

"तो बरोबर बोलला," बाबा म्हणाले. एवढंच. पण माझ्या बाजूनं बाबा मामांना असं काही म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. त्या एका वाक्यावर मी नकार पचवला असता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं वावरात उतरलो. मी, आई आणि बाबा. ओल चांगली होती. एकेक झाड मुळासकट उपटायचं, टोपलीत टाकायचं, टोपली भरली की रस्त्याकडच्या खड्ड्यात नेऊन ओतायची. डोमाजींच्या सुना त्यांचं काम आटोपून संध्याकाळी तासभर यायच्या. निंदायला बाया मिळतात का म्हणून मी गावात घरोघर फिरलो. पूर्वी आमच्याकडं निंदायला येणाऱ्या रत्नाबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हाले आमची आठवण नाई आली, अन् आता आली?" त्या रागानं नाही, हसूनच म्हणाल्या, पण आल्या नाहीत. मशीनवर पोरींचे फ्रॉक शिवायचे होते त्यांना.

काही दिवसांत वावराचा एक कोपरा तेवढा साफ झाला. मागं वळून पाहिलं की उरलेलं निळं वावर समुद्रासारखं दिसे. आई कंबर धरून उभी राहायची आणि म्हणायची, "होईल रे." बाबा उपटत राहत. त्यांचा हात माझ्यापेक्षा चपळ निघाला.

अशाच एका सकाळी रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. टेम्पो आमच्या धुऱ्यापाशी थांबला आणि त्यातून बाया उतरू लागल्या. एक, दोन, चार, दहा... उतरतच होत्या. डोक्याला फडकी, हातात विळे, खांद्याला डबे. काही म्हाताऱ्या, काही माझ्याहून लहान. शेवटी सिंधूबाई उतरल्या. आणि त्यांच्या मागून प्रणाली.

आई घाबरून पदर सारखा करू लागली. तिचे दोन्ही हात चिखलानं बरबटलेले. "अगंबाई, पाहुणे! अन् घरी दूधही नाई!"

"पाहुणे नाई आलो, ताई," सिंधूबाई म्हणाल्या. "कामाले आलो. पलीकडच्या गावचं निंदण काल सरलं, टोळी मोकळी होती. मजुरी जी असते ती द्या. अन् उपटलेला केना आमचा. शेळ्यांले चारा होतो."

"फवारा कधी मारला होता शेवटचा?" प्रणालीनं मला विचारलं.

"आखाडाच्या सुरुवातीला. त्यानंतर नाही."

"मंग चालन."

बस, एवढंच आमचं बोलणं झालं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि ओळ धरली. बायांनी वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांग केली आणि ती रांग पुढं सरकू लागली. मी असं निंदण लहानपणी पाहिलं होतं. विसरून गेलो होतो की त्याला आवाज असतो. मुळं उपटल्याचा, बांगड्यांचा, चाळीस तोंडांनी एकाच वेळी चाललेल्या गप्पांचा. कोणाची सासू, कोणाचा दाखला, कोणाच्या पोरानं पळवलेली कोंबडी. मधूनच एक जण गाण्याची ओळ टाकायची आणि पलीकडच्या टोकाहून कोणीतरी ती उचलायची. रांगेच्या मागं काळी, ओली, मोकळी माती उरत होती आणि तिच्यात आमची खुरटी पऱ्हाटी एकेक करून उघडी पडत होती.

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. लोक रस्त्यावर उभे राहून पाहायला लागले. आणि जेवणानंतर रत्नाबाई आल्या. मशीन बंद करून, आणखी तिघींना घेऊन. "परगावच्या बाया आपल्या गावचं वावर निंदतात, अन् आम्ही घरात बसून राहावं का?" असं म्हणत त्या रांगेत घुसल्या. घनश्याममामाही कुठूनतरी उगवले. त्यांना टोपल्या उचलायला लावलं. त्यांची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत वर गेली होती आणि बाया त्यांना "मामा, इकडं या, मामा, तिकडं या" म्हणून असं पळवत होत्या की ते शेवटी हसायलाच लागले.

माझी ओळ प्रणालीच्या शेजारची होती. मी मुद्दाम धरली नव्हती. म्हणजे, थोडी मुद्दामच धरली होती. पण दिवसभर तिनं कामाशिवाय काही विचारलं नाही आणि मलाही काही सुचलं नाही. तिचा वेग असा की मी मागं पडायचो, मग ती न बोलता माझ्या ओळीतली चार झाडं उपटून जायची.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही सखल भागात आलो होतो. तिथं पाणी साचायचं आणि केना सगळ्यांत दाट होता. पऱ्हाटी तर जवळजवळ गेलीच होती. प्रणाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं त्या तुकड्याकडं पाहिलं, मग वरच्या चढाकडं, मग पुन्हा खाली. भुवईवरच्या व्रणाला मातीचा ठिपका लागला होता.

"इथं पऱ्हाटीचा हट्ट कायले?" ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण तिचं ध्यान पूर्ण त्या जमिनीत होतं. "पुढच्या साली इथं ज्वारी घेऊ. दाट पेरू. तिच्या सावलीत हा वरच येणार नाई. वरच्या अंगाले पऱ्हाटी ठेवू, मधात मूग. अन् शेळ्या बांधायले तिकडं, बाभळीपाशी, एक गोठा घालू."

मी "हो" म्हणालो. ज्वारीचा विचार करत मी आणखी दोन झाडं उपटली. आणि मग माझा हात थांबला.

ती 'घ्या' म्हणाली नव्हती. 'घेऊ' म्हणाली होती.

माझ्या आधी ते कोणाच्या लक्षात आलं असेल, तर आमच्या मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या. सगळ्या तिला वच्छीमाय म्हणत. तिनं विळा खाली ठेवला.

"काय म्हटलं गं पोरी? घेऊ? कोण घेऊ?"

प्रणालीनं वळून पाहिलं. काय बोलून गेली ते तिला तेव्हा कळलं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. पण शब्द मागं घेतला नाही. खाली बसली आणि दुप्पट वेगानं केना उपटू लागली.

"पेरू म्हणे! ठेवू म्हणे! गोठाही घालू म्हणे!" वच्छीमाय साऱ्या रांगेला ओरडून सांगू लागली. हसण्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सिंधूबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. आईला काही ऐकू आलं नव्हतं. ती आपली शेजारणीला विचारत होती, "काय झालं? कोणाले साप दिसला का?" कोणीतरी तिच्या कानात सांगितलं. तशी ती चिखलाच्या हातांनीच प्रणालीकडं धावली आणि मध्येच थांबली, कारण हात कुठं पुसावेत हे तिला कळेना.

धुऱ्यावर बाबा आणि डोमाजी टोपल्या टेम्पोत भरत होते. बाबांनी तिथूनच हाक मारली, "काय झालं रे? काम काऊन थांबलं?"

"काई नाई भाऊ!" वच्छीमाय ओरडली. "तुमच्या घरी पुढच्या साली ज्वारी घ्यायची ठरली!"

बाबा क्षणभर गोंधळले. मग डोमाजींनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की हातातली टोपली सुटली आणि सगळा केना रस्त्यावर सांडला.

"घ्या ना मंग!" बाबा दोन्ही हात वर करून ओरडले. "मी कुठं नाई म्हटलं?"